हॅम रेडिओची नवी वाट आणि गावचा दवाखाना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा आणि घरांचे पत्रे गेले, हे सगळ्यांना आठवते. विजेचे खांब आडवे झाल्यावर काही तासांत मोबाइलचे टॉवरही मुके झाले, हे मात्र लवकर विसरले गेले. टॉवरला वीज लागते, वीज गेली की बॅटरी लागते, बॅटरी उतरली की डिझेल लागते आणि रस्त्यात झाडे पडलेली असली की डिझेल पोचत नाही. पुढच्याच वर्षी जुलैत महाड-चिपळूण परिसरात रस्ते, वीज आणि संपर्क एकदमच तुटले. अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या लसीच्या किती कुप्या उरल्या आहेत, प्राणवायूचे सिलिंडर किती तास पुरतील आणि अडलेल्या बाळंतिणीला कोणत्या बाजूने हलवायचे, हे तालुक्याला कळवायचे कसे? दरवेळी आपत्ती ओसरल्यावर बैठका होतात, त्यात कुणीतरी हॅम रेडिओचे नाव काढते, सगळे माना डोलावतात आणि विषय पुढच्या पावसाळ्यापर्यंत फायलीत जातो.

हॅम रेडिओ म्हणजे परवानाधारक हौशी मंडळींचे बिनतारी संदेशवहन. व्यावसायिक फायदा नाही, मोबाइल कंपनी नाही, मध्ये टॉवर नाही. एका घरातील यंत्रापासून दुसऱ्या घरातील यंत्रापर्यंत थेट लहरी जातात. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौसेपोटी अंदमानात रेडिओ केंद्र लावून बसले होते. २६ डिसेंबरला त्सुनामी आली आणि या हौशी केंद्राने बेटांवरचे निरोप मुख्य भूमीपर्यंत पोचवले. ही गोष्ट हॅम मंडळी अभिमानाने सांगतात, आणि ते रास्तच आहे. पण ते काम आवाजाचे होते आणि करणारी माणसे वर्षानुवर्षे मुरलेली होती. सामान्य माणसाच्या मनात त्यामुळे हॅम म्हणजे कानाला हेडफोन, हाताशी मोर्सची कळ आणि खोलीभर यंत्रे असेच चित्र राहिले आहे.

ते चित्र आता जुने झाले आहे. गेल्या वीसेक वर्षांत या छंदात संगणक शिरला आणि नवशिक्यासाठी दार बरेच रुंद झाले. आवाजाऐवजी छोटा मजकूर संगणक सुरांत बदलतो, रेडिओ ते सूर पाठवतो आणि पलीकडचा संगणक त्यांचा पुन्हा मजकूर करतो. यालाच डिजिटल हॅम म्हणायचे. त्यातील सर्वांत लोकप्रिय पद्धत आहे एफटी८. २०१७ मध्ये ती तयार करणाऱ्या दोघांपैकी एक जो टेलर. पौगंडावस्थेत हॅम रेडिओचा नाद लागलेला हा मुलगा पुढे खगोलशास्त्रज्ञ झाला. १९७४ मध्ये रसेल हल्स यांच्यासह त्याने एका जोडताऱ्यातला पल्सार शोधला आणि १९९३ मध्ये दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पल्सार म्हणजे स्वतःभोवती गरगर फिरणारा मृत तारा. त्याचे रेडिओ ठोके इतके क्षीण असतात की गोंगाटातून ते वेचून काढावे लागतात. (आपल्याकडे नारायणगावजवळ खोडद येथे असलेली जीएमआरटी दुर्बीणही पल्सारांचे ठोके टिपते.) नोबेलविजेत्याने आयुष्यभर जे केले तेच तंत्र त्याने हौशी लोकांच्या हाती फुकट दिले. डब्ल्यूएसजेटी-एक्स हे त्याचे सॉफ्टवेअर कुणालाही विनामूल्य उतरवून घेता येते.

हे चालते कसे, ते थोडे समजून घेण्याजोगे आहे. एफटी८ चा संपूर्ण निरोप फक्त ७७ बिटांचा असतो. त्यात आपली ओळखखूण, समोरच्याची ओळखखूण आणि जगाच्या नकाशावरील चौकोनाचा क्रमांक एवढेच मावते. पुण्याचा चौकोन एमके६८, नागपूरचा एमएल९१. या ७७ बिटांना चूक ओळखण्यासाठी १४ आणि चूक दुरुस्त करण्यासाठी आणखी ८३ बिटांची जोड दिली जाते, म्हणजे एकूण १७४. मूळ निरोपापेक्षा काळजीच जास्त! मजकुराचा काही भाग वाटेत गढूळ झाला तरी उरलेल्यातून मूळ निरोप बांधता यावा, यासाठी ही व्यवस्था. आठ वेगवेगळ्या सुरांत हा निरोप १२.६४ सेकंदांत जातो, मग क्षणभर विश्रांती, आणि पंधराव्या सेकंदाला समोरच्याची पाळी. ठरलेल्या वेळी एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. आपल्या दूरचित्रवाणीवरील चर्चांना ही शिस्त लाभली तर किती बरे होईल.

नेहमीच्या आवाजाच्या पट्ट्यातला सगळा गोंगाट मोजला तर एफटी८ चा संकेत त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही दुबळा असून उकलतो. यात थोडी मेख आहे, कारण संकेत स्वतः केवळ ५० हर्ट्झच्या चिंचोळ्या पट्टीत बसतो आणि तेवढ्या पट्टीतला गोंगाट मुळातच कमी असतो. पण मेख धरूनही परिणाम खरा आहे. कानाला जिथे नुसती खरखर ऐकू येते तिथून संगणक निरोप काढतो. पाच वॉट, म्हणजे एका लहान एलईडी दिव्याइतकी शक्ती आणि गच्चीवर बांधलेली तार एवढ्यावर जपान किंवा युरोप गाठता येतो. त्याचे श्रेय पृथ्वीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवरील आयनांबराला. सूर्यप्रकाशाने तिथले अणू विद्युतभारित होतात आणि लघुलहरी तिथून परत खाली वळतात. सूर्यावरील डागांचे चक्र सुमारे ११ वर्षांचे. सध्याच्या चक्राने २०२४ च्या सुमारास शिखर गाठले, म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे तरी नवशिक्यांना आकाश बऱ्यापैकी साथ देईल.

सुरुवात करणाऱ्याने मात्र बोलण्याची घाई करू नये. वैद्यकीय विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी स्टेथोस्कोप दिला तर त्याला धडधडीशिवाय काही ऐकू येत नाही. शेकडो छात्या तपासल्यावर एक दिवस झडपेचा बारीक घुर्र आवाज वेगळा उमटतो. रेडिओचेही तसेच. ऐकण्यासाठी सुरुवातीला काहीही विकत घ्यावे लागत नाही. नेदरलँड्समधील ट्वेन्टे विद्यापीठाने २००८ पासून आपला रेडिओ रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. घरबसल्या ब्राउझरमध्ये तो उघडायचा, १४.०७४ किंवा ७.०७४ मेगाहर्ट्झवर यायचे आणि पडद्यावर वरून खाली ओघळणाऱ्या पट्ट्या पाहायच्या. ती एकेक पट्टी म्हणजे एकेक माणूस. तो आवाज संगणकातल्या संगणकात डब्ल्यूएसजेटी-एक्सकडे वळवला की दर पंधरा सेकंदांनी कुणी इटलीतला, कुणी ब्राझीलमधला, कुणी आपल्या व्हीयू या आद्याक्षरांचा भारतीय पडद्यावर उमटतो.

इथे बहुतेकांचे घोडे एकाच ठिकाणी अडते, ते म्हणजे घड्याळ. सगळ्या जगाने एकाच सेकंदाला बोलायचे ठरवलेले असल्याने संगणकाचे घड्याळ साधारण सेकंदाच्या आत बरोबर असावे लागते. पट्ट्या दिसतात पण अक्षरे उमटत नाहीत, अशी तक्रार असेल तर दहातल्या नऊ वेळा घड्याळ चुकलेले असते किंवा आवाजाची पातळी फार वाढवलेली असते. संगणकाची वेळ इंटरनेटवरून जुळवून घेतली की काम होते. इंटरनेटवरील रिसीव्हरचा आवाज मुळातच थोडा उशिरा पोचतो, हेही ध्यानात ठेवावे.

पुढची पायरी स्वतःचा रिसीव्हर. २०१२ च्या सुमारास काही चिकित्सक मंडळींच्या लक्षात आले की संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी विकली जाणारी पेनड्राइव्हएवढी स्वस्त चिप मोठ्या पट्ट्यातला रेडिओ ऐकू शकते. त्यातूनच आरटीएल-एसडीआर हा प्रकार रुजला. आज काही हजारांत तो मिळतो. घेण्यापूर्वी जवळच्या हॅम क्लबमध्ये विचारावे, कारण बाजारातील प्रत्येक नग लघुलहरींवर चालत नाही आणि रिसीव्हर बाळगण्याचे नियमही समजून घेतलेले बरे. पोलिसांचे किंवा विमानांचे संभाषण ऐकून ते समाजमाध्यमांवर फिरवणे हा छंद नाही. आणखी एक सावधगिरीची सूचना. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत नोआ या अमेरिकी हवामान उपग्रहांची चित्रे घरी टिपण्याचा प्रयोग हमखास असतो. नोआ १५, १८ आणि १९ हे तीनही उपग्रह २०२५ मध्ये कायमचे बंद करण्यात आले. त्यांची वाट पाहत गच्चीवर बसण्यात अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक मात्र अधूनमधून १४५.८०० मेगाहर्ट्झवर चित्रे पाठवते, ती शाळेतल्या मुलांना टिपता येतात.

स्वतःचा रिसीव्हर लावला की शहरी माणसाला पहिला धक्का बसतो तो गोंगाटाचा. स्वस्तातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजारच्या गच्चीवरील सौर इन्व्हर्टर, लिफ्टची मोटर, सगळे मिळून लघुलहरींवर कचरा ओतत असतात. घरातला मुख्य खटका बंद करून रिसीव्हर बॅटरीवर चालवून पाहावा. आवाज एकदम उतरला तर चोर घरातच आहे. मग एकेक उपकरण लावत तो शोधायचा. रोगनिदानाचीच ही रीत, आणि कॉलेजमधल्या मुलांना यातून पुस्तकापेक्षा जास्त भौतिकशास्त्र समजते. खेड्यातला नवशिक्या या बाबतीत भाग्यवान. त्याच्याकडे गोंगाट कमी, जागा भरपूर आणि अँटेनासाठी गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांची मनधरणी करावी लागत नाही.

बोलायचे तर परवाना हवाच. भारतात १२ वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. ती दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा घेते. रेडिओचे तंत्र आणि नियम असे तिचे दोन भाग. दहावीच्या विज्ञानाची बैठक असलेल्या माणसाला दोन-तीन महिन्यांच्या अभ्यासात ती जमावी. खालच्या, म्हणजे रिस्ट्रिक्टेड वर्गाला मोर्स लागत नाही. त्याची ओळखखूण व्हीयू३ ने सुरू होते. जनरल वर्गाला मोर्सची चाचणी असते आणि त्याची खूण व्हीयू२ ने सुरू होते. कोणत्या वर्गाला कोणत्या पट्ट्यात, किती शक्तीने आणि कोणत्या प्रकारे प्रक्षेपण करता येते याचा तक्ता नियमांत आहे. डिजिटल सुरू करण्यापूर्वी तो शब्दशः वाचावा. परीक्षेपासून परवाना हाती येईपर्यंत पडताळणीत बराच वेळ जातो, अशी हौशी मंडळींची जुनी तक्रार आहे आणि तीत तथ्य आहे. ज्या छंदाची सरकारला आपत्तीत आठवण होते त्याची कागदपत्रे एरवीही जरा लवकर हलायला हरकत नसावी.

परवाना येण्याआधी ऑनलाइन बाजारातून वॉकी-टॉकी मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा. विनापरवाना प्रक्षेपण गुन्हा आहे आणि अशा संचांच्या बेकायदा विक्रीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये विक्री संकेतस्थळांना नोटिसाही बजावल्या आहेत. शिवाय एफटी८ साठी तसला संच सहसा उपयोगाचाही नसतो. लघुलहरींवर चालणारा आणि संगणकाला जोडता येणारा संच लागतो. तो क्लबमधल्या एखाद्या ज्येष्ठाकडून वापरलेला मिळाला तर उत्तम. संच वापरताना एक पथ्य पाळावे. आवाजात बोलताना संच मधूनमधून विसावतो, पण एफटी८ मध्ये पूर्ण शक्तीचा सूर जवळजवळ तेरा सेकंद अखंड चालतो. संच तापतो, क्वचित जळतोही. म्हणून शक्ती निम्म्यावर किंवा त्याहून खाली ठेवावी. मुळात या पद्धतीला जास्त शक्तीची गरजच नाही.

आता आरोग्याबद्दल. हॅम रेडिओ म्हटले की घरातील मंडळींचा पहिला प्रश्न किरणोत्सर्गाचा असतो. रेडिओलहरी एक्स-रे किंवा गॅमा किरणांसारख्या पेशीतील रेणू मोडत नाहीत. त्यांचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ अशा गटात घातले, ते मुख्यतः मोबाइलच्या वापरावरील मर्यादित पुराव्यावरून. जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा आणि मेंदूच्या कर्करोगाचा संबंध दिसला नाही. पाच-दहा वॉटची तार माणसांपासून काही मीटर दूर बांधली तर चिंतेचे कारण उरत नाही. प्रक्षेपण चालू असताना तारेला हात लावू नये, त्वचा भाजते. पेसमेकर असलेल्याने आपल्या हृदयरोगतज्ज्ञाला विचारून अंतर राखावे. एवढे पुरे.

खरा धोका लहरींत नाही, तो शिडीत आहे. संक्रांतीच्या दिवसांत पतंगापायी गच्चीवरून पडलेली मुले सरकारी रुग्णालयांच्या अस्थिरोग विभागात दरवर्षी येतात. अँटेना बांधणारा माणूस त्याच गच्चीवर, त्याच बेफिकिरीने आणि बरेचदा एकटाच चढतो. वय मात्र पन्नाशीचे असते आणि हाड लवकर जुळत नाही. सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नये, तो वजन पेलत नाही. जवळून विजेची तार जात असेल तर अँटेना आणि तिचा बांबू कोणत्याही दिशेने कोसळला तरी त्या तारेपर्यंत पोचणार नाही इतके अंतर हवे. ओला बांबू वीज वाहून नेतो. वळवाच्या दिवसांत, विशेषतः मराठवाडा-विदर्भात, विजा पडून माणसे जातात. आभाळ गडगडू लागले की केबल संचापासून काढून घराबाहेर ठेवावी. गडगडाट डोक्यावर आल्यावर ती काढायला धावू नये.

या छंदाचा एक फायदा क्वचितच बोलला जातो. साठीनंतर अनेकांना ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. उच्च सुर आधी जातात आणि त्यांच्याबरोबर ‘स’, ‘फ’, ‘थ’ अशी व्यंजने जातात. रेडिओवरील खरखरीत आवाज अशा माणसाला नुसता त्रास देतो. अक्षरांवर चालणारी डिजिटल पद्धत त्याला पुन्हा खेळात घेते. जन्मतः कर्णबधिर असलेल्यालाही ती खुली आहे, बोलताना अडखळणाऱ्यालाही. मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि परक्या माणसाशी इंग्रजीत बोलताना जीभ जड होणाऱ्या मुलामुलींनाही इथे बुजायचे कारण नाही.

पण इथेच सापळाही आहे. एफटी८ मध्ये मोकळा मजकूर लिहायचा तर एका वेळी तेरा अक्षरे मिळतात. बाकी सगळे ठरीव. ओळखखूण, संकेताची ताकद, राम राम. दिवसाला शंभर देशोदेशीचे संपर्क नोंदवूनही माणूस कुणाला ‘कसं काय बरं आहे का’ असे विचारत नाही. निवृत्त, एकट्या पडलेल्या माणसाला मित्र मिळावेत म्हणून कुणी हा छंद सुचवत असेल तर एफटी८ हे त्याचे औषध नव्हे. त्यातली पंधरा सेकंदांची लय चटक लावणारी आहे आणि लांबचे संपर्क पहाटे किंवा दिवेलागणीला खुलतात, त्यामुळे झोपेचे खोबरे होते ते वेगळेच. खऱ्या गप्पांसाठी पीएसके३१ ही पीटर मार्टिनेझ यांनी १९९८ मध्ये आणलेली पद्धत किंवा एफटी८ च्याच तंत्रावर बांधलेली जेएस८कॉल वापरावी. टंकलेखनाच्या वेगाने लिहावे आणि समोरच्याचे उत्तर यायची वाट पाहावी. सध्या तरी मराठी रोमन अक्षरांत लिहावी लागेल, पण तशी तर निम्मी मराठी मोबाइलवर रोज लिहिली जातेच. आणि महिन्यातून एकदा क्लबच्या चहाला प्रत्यक्ष जावे.

आपत्तीसाठीही एफटी८ निरुपयोगी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. तेरा अक्षरांत औषधांची यादी मावत नाही. मात्र एफटी८ वर हात बसलेला माणूस विनलिंक सहज शिकतो. विनलिंक म्हणजे रेडिओवरून ई-मेल. निरोप स्वयंसेवकांच्या दूरच्या केंद्रामार्गे इंटरनेटवर जातो किंवा दोन संचांत थेट. संकेत बिघडला तर तुकडा पुन्हा मागवला जातो, त्यामुळे पोचतो तो मजकूर अक्षरशः बरोबर असतो. दवाखान्याच्या कामात याला मोल आहे. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ यांतला गोंधळ धड फोनवरसुद्धा होतो, खरखरीत रेडिओवर तर होणारच. औषधांची सारख्या उच्चाराची नावे किती आहेत हे कोणत्याही औषध विक्रेत्याला विचारावे. मागितले एक आणि पूर ओलांडून आले दुसरे, असे झाले तर दिवस जातो आणि कधी माणूसही.

सह्याद्रीच्या मुलखात आणखी एक गोष्ट उपयोगी पडते. हातातले वॉकी-टॉकी डोंगराआड जात नाहीत. महाडच्या खोऱ्यातला आवाज घाट ओलांडत नाही. पण ७ मेगाहर्ट्झची सुमारे वीस मीटर लांबीची तार जमिनीपासून फक्त तीन-चार मीटरवर, दोन झाडांमध्ये कपडे वाळत घालण्याच्या दोरीसारखी बांधली तर लहरी सरळ वर जातात आणि आयनांबरावरून छत्रीसारख्या खाली उतरतात. तीन-चारशे किलोमीटरचा सगळा परिसर, डोंगरासकट, त्यात येतो. रात्री आयनांबर विरळ झाले की ३.५ मेगाहर्ट्झवर जावे लागते, त्याला तार दुप्पट लांब लागते. अँटेना उंच हवी असे नवशिक्याला सगळीकडे सांगितले जाते. दूरदेशासाठी ते खरे आहे. चिपळूणहून कोल्हापूर गाठायचे तर ती खालीच बरी. गच्चीवर चढायचेही वाचते. जोडीला मोटारीची बॅटरी आणि जुना लॅपटॉप असला की झाले केंद्र.

रुग्णांची माहिती पाठवताना एक मर्यादा कायम लक्षात ठेवावी लागेल. हौशी रेडिओवर गुप्त सांकेतिक भाषा वापरायला मनाई आहे. तिथे जे जाते ते जगाने वाचावे असेच जाते. त्यामुळे रुग्णाचे नाव, गाव, निदान यांपैकी काहीही त्यावरून जाता कामा नये. ‘केंद्र क्रमांक अमुक, गरोदर स्त्री एक, रक्तस्राव, तातडीने हलवणे आवश्यक’ एवढे पुरते. खाटा, सिलिंडर, सलाइन, लसी, जनरेटरचे डिझेल यांचे आकडे तर निःशंक पाठवता येतात. त्रयस्थांचे निरोप नेण्यावर एरवी निर्बंध आहेत, आपत्तीत प्रशासनाच्या सांगण्यावरून ते नेण्याची तरतूद नियमांत आहे. ती जिल्हाधिकारी कार्यालयाला आणि हॅम मंडळींना, दोघांनाही तोंडपाठ हवी.

पोलिसांची बिनतारी यंत्रणा आहे, उपग्रह फोन आहेत, मग हौशी लोक कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. पोलिसांची यंत्रणा त्या काळात पोलिसांच्याच कामाने भरलेली असते. उपग्रह फोन मोजके असतात आणि ते मुख्यालयात असतात. डोंगरातल्या उपकेंद्राजवळ राहणारा, घरी तार बांधून बसलेला शिक्षक किंवा आरोग्यसेवक ही तिसरी फळी आहे. तिला पगार द्यावा लागत नाही, पण सराव द्यावा लागतो. परवाना काढून संच कपाटात ठेवणे म्हणजे बॅटरी उतरलेले डिफिब्रिलेटर भिंतीवर टांगण्यासारखे आहे. दिसायला सोय, ऐनवेळी शून्य. रोज संध्याकाळी एफटी८ वर अर्धा तास खेळणाऱ्याचा संच चालू असतो, बॅटरी भरलेली असते, तार कुठे सैल झाली हे त्याला ठाऊक असते. त्या खेळाची आपत्तीतली किंमत हीच.

कोकण आणि घाटमाथ्यावरच्या तालुक्यांपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक तालुक्यात चार-पाच परवानाधारक व्हावेत यासाठी आरोग्य विभागाने आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जवळच्या हॅम क्लबला हाताशी धरून परिचारिका महाविद्यालये, आयटीआय आणि कनिष्ठ महाविद्यालयांत परीक्षेचे वर्ग घ्यावेत. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मोबाइल बंद आहेत असे धरून, एक दिवसाची रंगीत तालीम करावी. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने साठ्याचा तक्ता विनलिंकने तालुक्याला आणि तालुक्याने जिल्ह्याला पाठवायचा. किती वाजता निघाला, किती वाजता पोचला, किती आकडे चुकले, याची नोंद त्याच संध्याकाळी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर असावी. जिथून निरोप आलाच नाही त्या केंद्राची तार पहिल्या पावसाआधी बांधून घ्यावी.